एक्स-रे साफ, तरी पोराला धाप: बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरचं एक प्रकरण

पेशंट चोवीस वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. आजार एक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. किमोनं तो आटोक्यात आला आणि मग फेब्रुवारीत नागपूरला मोठ्या बहिणीच्या स्टेम सेल्स, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, घेऊन ट्रान्सप्लांट झालं. मी तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी आणि सीटीचं सेंटर चालवणारा रेडिओलॉजिस्ट. माझ्याकडं हा पोरगा आला तो ट्रान्सप्लांटनंतर दहाव्या महिन्यात, त्याच्या आधीचं सगळं मी त्याच्या जाडजूड फाईलवरून, सीडींवरून आणि त्याच्या मायशी बोलून जुळवलंय. लिहायला त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाचा कोणता फोटो काढायचा, ट्रान्सप्लांटपासून कितव्या दिवशी काढायचा आणि फोटो काढणाऱ्याला काय सांगायचं, यावर त्या रिपोर्टची निम्मी किंमत ठरते. याच पोराच्या बाबतीत हे तीनदा दिसलं, म्हणून हे प्रकरण लिहितोय.

ट्रान्सप्लांटबद्दल थोडं, कारण आमच्याकडं अजून समज आहे की डोनरच्या मणक्यात छिद्र पाडून हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, काढतात आणि डोनर पुढं अधू होतो. बहिणीच्या सासरी यावरूनच आठवडाभर वाद झाला. प्रत्यक्षात तिला काही दिवस इंजेक्शनं दिली, त्यानं स्टेम सेल्स हाडातून रक्तात उतरल्या, मग मशीनला लावून हातातल्या रक्तातून त्या वेगळ्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती घरी. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते, दोघी बहिणींपैकी मोठीचं जुळलं. भारतात पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं, म्हणजे हे तंत्र आपल्याकडं काही कालपरवाचं नाही. पण रक्तातून काढलेल्या सेल्सबाबत एक गोष्ट इथंच नोंदवून ठेवतो, कारण ती पुढं लागेल: मगजातून काढलेल्या सेल्सपेक्षा यात डोनरच्या पेशी जुनाट स्वरूपात पेशंटच्या अंगावर उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. त्याला जीव्हीएचडी म्हणतात.

ज्या दिवशी सेल्स चढवतात तो दिवस शून्य. त्याच्या आधी बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड ही किमोची औषधं देऊन पेशंटचा स्वतःचा मगज पूर्ण रिकामा करतात, मग नवा मगज रुजेपर्यंत दोन-तीन आठवडे शरीरात लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. या पोराला नवव्या दिवशी ताप आला, १०२ च्या वर, न्यूट्रोफिल, म्हणजे याच लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोजणीत शून्य. अँटिबायोटिक लगेच सुरू झाली पण चार दिवस झाले तरी ताप हलेना. बेडवरच छातीचा एक्स-रे काढला, तो साफ. माय सांगते, "फोटो चांगला आला म्हणून आमी खुश झालो जी, पण डाक्टर काई खुश दिसेना."

डॉक्टर खुश नव्हते ते बरोबरच होतं. एक तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची गाठ बरगड्यांच्या, हृदयाच्या नाहीतर डायफ्रामच्या सावलीत सहज लपते, आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं, की एक्स-रेवर निमोनियाचा पांढरा डाग दिसतो तो बराचसा शरीरानं दिलेल्या प्रतिकाराचा असतो, पेशी धावून येतात, पू-पाणी भरतं आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. इथं धावून यायला पेशीच नाहीत, मग एक्स-रेवर दिसणार काय? म्हणून ट्रान्सप्लांट युनिटमध्ये अँटिबायोटिक चालू असताना चार-पाच दिवस ताप टिकला तर एक्स-रे साफ असला तरी थेट छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन, करतात.

तेराव्या दिवशीच्या सीटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात १.८ सेंटिमीटरची गाठ होती आणि तिच्याभोवती फिकट धुरकट कडं, डावीकडं खाली अजून दोन लहान गाठी. त्या कड्याला हेलो साइन म्हणतात. अॅस्परजिलस नावाची बुरशी फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत घुसते, तेवढा तुकडा मरतो आणि भोवती रक्त झिरपतं, ते झिरपलेलं रक्त म्हणजे हे कडं. हेलो इतर आजारातही दिसतं, पण न्यूट्रोफिल शून्य, ताप उतरत नाही आणि हेलो, हे तिन्ही एकत्र आले की बुरशीचं औषध लगेच सुरू करायचं असतं, थांबायचं नसतं, कारण हे कडं थोडेच दिवस दिसतं, उशिरा सीटी केला तर नुसती गाठ उरते आणि मग ती कशाची यावर डोकं खाजवत बसावं लागतं. रक्तात या बुरशीची खूण शोधणारी गॅलॅक्टोमॅनन टेस्ट पॉझिटिव्ह आली, व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध सुरू झालं.

घरच्यांनी 'बुरशी' ऐकलं आणि हाय खाल्ली. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीनं विदर्भात किती लोकांचे डोळे आणि जबडे नेले ते सगळ्यांनी पाहिलंय. ती बुरशी वेगळी, म्युकर. तिच्यात कधी कधी सीटीवर उलटं चित्र असतं, मधला भाग धुरकट आणि कडा घट्ट, आणि तिच्यावर व्होरिकोनाझोल चालत नाही, अँफोटेरिसिन लागतं. म्हणजे त्या कड्याकडं नीट बघण्यावर औषध बदलतं.

सतराव्या दिवशी न्यूट्रोफिल ५०० च्या वर गेले, मगज रुजला, ताप उतरला. विसाव्या दिवशी पुन्हा सीटी केला तर गाठ २.६ सेंटिमीटर! घरात रडारड. पण हे असंच होतं, औषध व्यवस्थित लागू पडत असलं तरी पहिल्या आठवडा-दहा दिवसात गाठी मोठ्या दिसतात, पेशी परत आल्या की त्या ठिकाणी सूज वाढते म्हणूनही. माणूस बरा दिसतोय, ताप गेलाय आणि फक्त सीटी वाईट दिसतोय, तर औषध फेल गेलं असं लगेच म्हणायचं नसतं. चौतिसाव्या दिवशीच्या सीटीत गाठीच्या आत चंद्रकोरीच्या आकाराची हवेची फट दिसली. मेलेला तुकडा सुटून आक्रसला की ती फट पडते आणि बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी परत आल्याची ती खूण असते. अर्थात याच काळात खोकल्यातून रक्त पडायचा धोका असतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. याला नाही पडलं.

मधे लिव्हरसाठी पोटाची डॉपलर सोनोग्राफीही झाली, कारण बुसल्फाननं लिव्हरच्या बारीक नसा बंद पडू शकतात आणि बिलिरुबिन थोडं वाढलं होतं. लिव्हरकडं रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनचा प्रवाह सरळ होता, पोटात पाणी नव्हतं, बिलिरुबिनही आपोआप उतरलं.

दुसरी भानगड सव्विसाव्या दिवशी. दोन दिवसांपासून डोकं दुखत होतं, डोळ्यापुढं धूसर दिसत होतं. आता व्होरिकोनाझोलनं पुष्कळांना डोळ्यापुढं चमकतं, रंग वेगळे दिसतात, डोस घेतल्यावर अर्ध्या-एक तासात होतं आणि जातं, म्हणून आधी सगळ्यांना वाटलं त्याचंच असेल. पण याचं धूसर दिसणं जात नव्हतं आणि बीपी १६०/१०० होतं, एरवी त्याचं ११० च्या आसपास असायचं. सकाळी माय चहा घेऊन आली आणि तिच्यासमोरच त्याला फिट आली.

इथं डॉक्टरांच्या डोक्यात काय काय आलं असेल ते बघा. प्लेटलेट अजून कमी, मेंदूत रक्तस्राव असू शकतो. फुप्फुसात अॅस्परजिलस, आणि तो रक्तातून मेंदूत जाऊन गळू करतो. मेनिंजायटिस. मूळ आजार परत आला हेही एक. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि फिट तर सगळ्यात सारखीच. आधी सीटी ब्रेन झाला, रक्तस्राव नाही एवढं त्यानं सांगितलं, बाकी जवळजवळ नॉर्मल. त्याच दिवशी एमआरआय केला. त्यात डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडं, फ्लेअर नावाच्या चित्रात पांढरे पट्टे, आणि डिफ्युजनच्या चित्रावरून कळलं की ती नुसती पाण्याची सूज आहे, पेशी मेलेल्या नाहीत. गळू नाही, रक्त नाही. निदान प्रेस (PRES), म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाला येणारी आणि बहुधा उतरणारी सूज. १९९६ मध्ये या प्रकाराचं पहिल्यांदा नीट वर्णन झालं, बीपी अचानक वाढणं आणि सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमससारखी औषधं ही त्याची नेहमीची कारणं.

सायक्लोस्पोरिन का चालू होतं, तर बहिणीच्या पेशी याच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून. आणि व्होरिकोनाझोल लिव्हरमध्ये सायक्लोस्पोरिन मोडायचं काम अडवतं, रक्तात ते साचतं, म्हणून दोन्ही बरोबर द्यायची तर सायक्लोस्पोरिनचा डोस निम्मा करतात. इथं तो केला होता, रक्तातली लेव्हलही ठरलेल्या मर्यादेत होती, तरी झालं. प्रेसमध्ये असं होतं, लेव्हल नॉर्मल म्हणून ते नाकारता येत नाही. सायक्लोस्पोरिन बंद केलं, बीपी हळूहळू खाली आणलं, फिटचं औषध दिलं, आणि जीव्हीएचडी दाबायला मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइडवर आले. चार दिवसांत नजर साफ, तीन आठवड्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये पट्टे गायब. त्या दिवशी फक्त सीटी ब्रेनवर थांबले असते तर पोराला मेंदूतल्या बुरशीचा इलाज लागला असता आणि ज्या औषधानं फिट आली तेच चालू राहिलं असतं, असं मला वाटतं.

शंभर दिवस नागपुरात भाड्याच्या खोलीत काढून मृग लागायच्या तोंडावर मंडळी गावी आली. सोबत सूचना: कुटारात, म्हणजे सुक्या चाऱ्याच्या भुशात, जायचं नाही, शेणखत उकरायचं नाही, जुन्या भिंती पाडतात तिथं उभं राहायचं नाही, मास्क लावायचा. बुरशीचे बीजाणू कुटारात, शेणात, ओल्या धान्यात भरपूर असतात आणि खेड्यातल्या घरात यापैकी काहीतरी हाताच्या अंतरावर असतंच. बापानं बैलं भावाच्या गोठ्यात नेऊन बांधली, एका खोलीला नवीन चुना मारला. पोरगं तिथंच राहायचं. सातव्या महिन्यात तोंड आलं, ठेचा सोडा, साधं वरणही झोंबायला लागलं, डोळे कोरडे पडले. जुनाट जीव्हीएचडी. नागपूरच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड वाढवलं.

दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. नेमका कापूस घरात यायचा हंगाम, भाव वाढेल म्हणून आमच्याकडं कापूस घरातच भरून ठेवतात, पुढची अख्खी खोली आढ्यापर्यंत भरली होती. जो तो म्हणे कापसाच्या धुळीनं झालं. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे झाला, साफ. टीबीसाठी बेडका तपासला, निगेटिव्ह. अॅलर्जीचा पंप दिला. हे सगळं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, दाबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाला आपल्या भागात खोकला आला तर टीबी आधी शोधायलाच पाहिजे. पण नोव्हेंबर संपता संपता पोराला घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायला दोनदा थांबावं लागायला लागलं, ताप नाही, बेडका नाही, कोरडा खोकला आणि धाप.

मग माझ्याकडं चिठ्ठी आली, "एचआरसीटी चेस्ट, खोकला एक महिना". बस, एवढंच. ट्रान्सप्लांटचा एक शब्द नाही. मी नेहमी सीटीच्या आधी नातेवाइकांशी दोन मिनिटं बोलतो, जुनं काही आहे का विचारतो, तेव्हा माय म्हणाली, "याचं मगज बदललं ना जी नागपूरले, फेब्रुवारीत." फाईल मागवली, तोंड आणि डोळ्यांचं वाचलं, बुसल्फान वाचलं, रक्तातून काढलेल्या सेल्स वाचलं, आणि माझ्या डोक्यात एकच नाव आलं.

नेहमीचा सीटी श्वास भरून, रोखून काढतात. तसा काढला, तर जवळजवळ साफ होता. वर उजवीकडं जुन्या बुरशीचा व्रण, श्वासनलिकांच्या भिंती किंचित जाड, बाकी काही नाही. हाच रिपोर्ट लिहून दिला असता तर तो शब्दन् शब्द खरा असता आणि पोराला पुन्हा पंपच मिळाला असता. त्याला तसाच झोपवून ठेवला आणि दुसरा स्कॅन श्वास पूर्ण सोडून काढला. हे सांगायला सोपं, करून घ्यायला अवघड, कारण धाप लागलेल्या माणसाला श्वास सोडून थांब म्हटलं की तो घाबरतो. टेक्निशियननं आधी टेबलाशेजारी उभं राहून चार वेळा सराव करून घेतला, "पुरी हवा सोड, अजून सोड, आता घेऊ नको." श्वास खरंच सोडला का हे चित्रावरच तपासता येतं, श्वासनळीची मागची बाजू आत वाकलेली दिसली म्हणजे सोडला. या दुसऱ्या स्कॅनला सगळी छाती जाड डोसमध्ये काढायची गरज नसते, कमी किरणांत काम होतं, हे मी मुद्दाम सांगतो कारण माय विचारत होती की किती येळा मशीनमध्ये घालता.

चांगलं फुप्फुस श्वास सोडल्यावर सगळीकडं सारखं करडं होतं, कारण हवा निघून जाते. याच्या फुप्फुसात काही भाग करडे झाले आणि मोठमोठे भाग काळेच राहिले, म्हणजे तिथली हवा आतच अडकली. ब्रॉन्कियोलायटिस ऑब्लिटरन्स. बहिणीच्या पेशी याच्या सगळ्यात बारीक श्वासनलिकांवर उलटल्या होत्या, आणि ड्रिपच्या नळीची भोकं क्षारानं आतून बुजत जावीत तशा त्या व्रणानं बुजत चालल्या होत्या. फुप्फुसाचा मांसल भाग ठीकच असतो, म्हणून एक्स-रे साफ, श्वास भरलेला सीटीही साफ. संसर्गाची खूण, म्हणजे धुरकट डाग किंवा फुलोऱ्यासारखे बारीक ठिपके, कुठं नव्हती, तेही रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं, कारण इलाजात प्रतिकारशक्ती अजून दाबायची असते आणि आत जंतू असेल तर ते महागात पडतं.

रिपोर्ट टाईप व्हायच्या आधी नागपूरच्या हिमॅटोलॉजिस्टना, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरांना, फोन केला आणि चित्रं मोबाईलवर पाठवली. आमच्या तालुक्यात स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, होत नाही, जिल्ह्याला जाऊन दोन दिवसांत झाली. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फेकता येते तो आकडा, एफइव्ही-१, ट्रान्सप्लांटच्या आधी अपेक्षेच्या ९२ टक्के होता, आता ५४. एकूण हवेशी त्याचं गुणोत्तर ०.५८, जे ०.७ च्या खाली गेलं की अडथळा धरतात. निदान पक्कं करायला हा आकडाच मुख्य आहे, सीटी त्याचा साक्षीदार. आणि खरं सांगायचं तर ट्रान्सप्लांटनंतर पहिली एक-दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्पायरोमेट्री करायची असते, अगदी खोकला नसला तरी, कारण धाप जाणवायच्या आधी आकडा घसरायला लागतो. फाईलमध्ये सहाव्या महिन्याची तारीख दिलेली होती, पण तेव्हा डवरणीचे दिवस, नागपूर दीडशे किलोमीटर, दोन माणसांचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी, आणि पोरगं तर ठणठणीत दिसत होतं. गेले नाहीत. यात त्या माय-बापाला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही, ती तपासणी जिल्ह्याला होऊ शकते आणि रिपोर्ट फोनवर पाठवता येतो हे त्यांना डिस्चार्जच्या वेळी कुणी समजावून सांगायला पाहिजे होतं.

इलाज सुरू झाला: श्वासातून स्टेरॉइड, अॅझिथ्रोमायसिन, मॉन्टेलुकास्ट, तोंडानं स्टेरॉइडचा छोटा कोर्स, आणि पुढं जीव्हीएचडी दाबणारं रुक्सोलिटिनिब जोडलं. बुजलेल्या नलिका परत उघडत नाहीत, उरलेल्या वाचवायच्या असतात, हे घरच्यांना मी आणि नागपूरचे डॉक्टर दोघांनीही सरळ सांगितलं. बापानं विचारलं, "म्हणजे आता नांगर धरनं नाई होत ना?" नाही होत. तो वर्षभर त्याच आशेवर होता, त्यामुळं हे ऐकून उठून बाहेर गेला. पण आकडा ५४ वर सापडला, ३० वर नाही, आणि या आजारात तेवढा फरक म्हणजे घरातल्या घरात हिंडणारा माणूस आणि ऑक्सिजनवर पडलेला माणूस यातला फरक आहे.

त्या दिवसापासून त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी स्केचपेननं ठळक लिहून दिलंय, आणि तालुक्यातल्या डॉक्टर मित्रांनाही सांगतो की असा पेशंट तपासणीला पाठवला तर चिठ्ठीवर एवढं लिहाच: ट्रान्सप्लांट कधी झालं आणि आज कितवा दिवस किंवा महिना, पेशी कुणाच्या, आजची न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट मोजणी, कोणती दाबणारी औषधं चालू आहेत, जीव्हीएचडी कुठं कुठं आहे, आणि नेमकी शंका काय. तिसाव्या दिवसाच्या आतला खोकला आणि दहाव्या महिन्यातला खोकला यांची कारणं वेगळी, सुरुवातीला बुरशी आणि बॅक्टेरिया, मग तीन-चार महिन्यांपर्यंत सीएमव्हीसारखे व्हायरस आणि न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी, त्यानंतर हे असे बुजणारे आजार, आणि टीबी आपल्याकडं केव्हाही. तारीख माहीत नसेल तर माझ्यासारखा माणूस चित्र बघून अंदाजच करत बसतो. आणि जुन्या सीडी फेकू नका, आधीचा सीटी शेजारी ठेवला की वरचा डाग जुना की नवा हे मिनिटात कळतं, याच्या वेळी तसंच झालं.

आता ट्रान्सप्लांटला दीड वर्ष होत आलं. एफइव्ही-१ गेल्या तीन तपासण्यांत ५३, ५१, ५३ असा टिकून आहे, टाकीपर्यंत न थांबता जातो, गावातल्या एका जनरल स्टोअरमध्ये हिशेबाला बसतो. निदानानंतरच्या वेचण्यांचा कापूस बापानं घरात न भरता वेचला तसा विकला, भाव कमी मिळाला तरी. मूळ आजार परत आलेला नाही. गेल्या महिन्यात डाव्या जांघेत दुखतं म्हणून आला, मांडी घालून बसता येत नव्हतं. खुब्याचा एक्स-रे साफ होता. पण वर्षभर स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या खुब्यातल्या हाडाचा रक्तपुरवठा जाऊ शकतो आणि एक्स-रेवर ते बदल दिसायला बरेच महिने लागतात, म्हणून एमआरआय सांगितला, चिठ्ठीवर सगळं लिहून. डाव्या खुब्यात सुरुवातीचा बदल सापडला, हाडाचा गोल आकार अजून शाबूत आहे, उजवा खुबा चांगला आहे. हाडांच्या डॉक्टरांनी तूर्त काठी घ्यायला आणि त्या पायावर भार कमी टाकायला सांगितलंय, आणि स्टेरॉइड अजून किती खाली आणता येईल यावर नागपूरशी बोलणं चालू आहे.